जुगुप्सा, यादी आणि शंभर मिलिलिटर पाणी

इब्सेनचे 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' (१८८२) वर्गात शिकवले जाते तेव्हा चर्चा फार लवकर 'एकटा विरुद्ध बहुसंख्य' या ओळखीच्या वळणावर जाते. सत्यजित राय यांनी 'गणशत्रू' (१९८९) करताना नॉर्वेतील स्नानगृहांच्या जागी बंगालमधील देवळाचे तीर्थ आणले, तरी चर्चेचे वळण बदलत नाही. या सगळ्यात एक साधी वस्तू दुर्लक्षित राहते : पहिल्या अंकात टपालाने येणारे पत्र. डॉ. स्टॉकमनला पाण्याचा संशय आलेला असतो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे तो जाणतो. म्हणून तो नमुने विद्यापीठाकडे पाठवतो, आणि पुढचे सारे नाट्य त्या पत्रातील निष्कर्षावर उभे राहते. पाणी वाईट आहे हे नेहमी डोळ्यांना दिसत नाही. ते कोणीतरी लिहून द्यावे लागते. हे लिहून देण्याचा अधिकार कोणाचा? त्याची भाषा कोणती? आणि अधिकाराच्या जागी बसलेल्यांनी लिहून दिलेच नाही तर सामान्य माणसाने काय करायचे? हे प्रश्न नाटकाबाहेर, इंग्लंडच्या किनाऱ्यावर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष विचारले गेले. त्या इतिहासाकडे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे असे आम्हाला वाटते. त्यात विज्ञान आणि कायदा जितका आहे, तितकीच भाषाही आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरची कित्येक गावे सुटीची गावे झाली. ब्लॅकपूल, ब्रायटन, साउथएंड ही त्यांपैकी काही प्रसिद्ध नावे. पाहुण्यांसाठी समुद्रालगत फिरण्याचे रस्ते बांधणाऱ्या नगरपालिकाच गावाचा मैला नळातून समुद्रात सोडत, आणि पुष्कळ ठिकाणी तो नळ ओहोटीच्या रेषेपासून फार दूर जात नसे. १९७४ पर्यंत मैलापाण्याची व्यवस्था या स्थानिक संस्थांच्याच हाती होती. त्या वर्षी ती प्रादेशिक जलप्राधिकरणांकडे गेली आणि १९८९ मध्ये खासगी कंपन्यांकडे. इब्सेनच्या नाटकात नगराध्यक्ष आणि स्नानगृह-मंडळाचा अध्यक्ष ही एकच व्यक्ती आहे. इथे तर प्रत्येक गावात तसेच होते. समुद्र सगळे पोटात घालतो अशी आपली एक समजूत आहे. तिकडे तीच समजूत 'विरलीकरण' या भारदस्त शब्दाने अभियंत्यांच्या अहवालांत वावरत होती.

१९५७ साली टोनी आणि डॅफ्नी वेकफील्ड या दांपत्याची सहा वर्षांची मुलगी पोलिओने गेली. ती समुद्रात पोहली होती आणि त्या पाण्यात मैला येत होता. पोलिओचा विषाणू विष्ठेवाटे बाहेर पडतो व तोंडावाटे शरीरात शिरतो, हे वैद्यकाला तोवर कळले होते. ब्रिटनमध्ये लस देण्यास १९५६ मध्ये आरंभ झाला होता, पण पुरवठा तुटपुंजा होता. आपली मुलगी त्या पाण्यामुळे गेली याविषयी आईवडिलांच्या मनात शंका नव्हती. पुढे त्यांनी 'कोस्टल अँटी-पोल्यूशन लीग' ही संस्था उभी केली. नाव लांबलचक असले, तरी ती मूठभर माणसांची संस्था होती.

याच सुमारास सरकारी विज्ञानाचे उत्तर आले. सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांच्या एका समितीने अनेक वर्षे किनाऱ्यांवरचे पाणी तपासून १९५९ मध्ये आपला अहवाल सादर केला. वैद्यकीय संशोधन परिषदेने तो प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष, आमच्या शब्दांत, असा : मैल्याने दूषित समुद्रात पोहण्याने आरोग्याला होणारा धोका व्यवहारतः नगण्य आहे, अपवाद फक्त अशा किनाऱ्यांचा, जे इतके घाण झाले आहेत की ते पाहून माणसाला किळसच यावी. पुढची सुमारे तीस वर्षे ब्रिटिश शासनाचे किनाराविषयक धोरण या एका वाक्याच्या आधाराने चालले.

हे वाक्य काव्यशास्त्र शिकलेल्या माणसाला चकित करणारे आहे. जंतूंची गणना करायला बसलेली समिती अखेर जुगुप्सेपाशी येऊन थांबते! भरताने जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायिभाव मानला, बीभत्साचे प्रकार सांगितले, आणि रक्तादिकांपासून होणारा क्षोभज व विष्ठा-कृमींपासून होणारा उद्वेगी असा भेदही केला. (बीभत्साचा वर्ण त्याने नील सांगितला आहे. इंग्लंडच्या समुद्राला तो लावू नये, पण मोह होतो.) रंगभूमीपुरते हे वर्गीकरण चोख आहे. पण जुगुप्सेला सार्वजनिक आरोग्याचे मापक केले की काय होते? ज्याला घाण दिसत नाही त्याला ती नसतेच. नळ थोडा लांब नेला, मैला चाळणीतून बारीक करून सोडला, की उद्वेग संपला आणि उद्वेगाबरोबर धोकाही कागदोपत्री संपला. समिती अप्रामाणिक होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिच्या अग्रभागी असलेले ब्रेंडन मूर हे असामान्य शोधक बुद्धीचे जीवाणुतज्ज्ञ होते. १९४८ मध्ये त्यांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली होती : गटारात जाळीदार कापडाची घडी काही दिवस टांगून ठेवायची, मग ती प्रयोगशाळेत तपासायची, आणि एकेक फाटा मागे जात पॅराटायफॉइडचे जंतू कोणत्या घरातून येतात ते शोधायचे. 'मूर स्वॉब' या नावाने ती जगभर गेली. गटाराचे पाणी तपासून गावाचे आरोग्य ओळखण्याची जी विद्या आज सर्वांना ठाऊक आहे, तिच्या पूर्वजांत या कापडाची गणना करावी लागेल. मुंबईत २००१ पासून मैलापाण्याचे नमुने घेऊन पोलिओच्या विषाणूचा माग काढला जात आहे. २०२२ मध्ये लंडनच्या मैलापाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, तोही अशाच तपासणीतून. गटार एवढे बोलके असते हे ज्याने दाखवले, त्याच्याच समितीने समुद्राच्या बाबतीत नाकाडोळ्यांवर भिस्त ठेवावी, हा विरोधाभास आमच्या मनातून जात नाही.

इथे एक सोपी कथा रचण्याचा मोह होतो : आईबाप खरे, सरकार खोटे. ती आम्हाला मान्य नाही. त्याच समितीने पोलिओच्या १५० रुग्णांची, त्यांच्याच वयाच्या निरोगी व्यक्तींशी, समुद्रस्नानाच्या बाबतीत तुलना केली होती आणि तिला संबंध आढळला नव्हता. पोलिओची लागण झालेल्या बहुसंख्यांना लक्षणेच नसतात, पक्षाघात दोनशेत एखाद्यालाच होतो. त्यामुळे एका मुलाच्या आजाराचे बोट धरून एका किनाऱ्यापर्यंत जाणे जवळपास अशक्यच. म्हणजे वेकफील्ड दांपत्याची खात्री ही पुराव्याच्या अर्थाने खात्री नव्हती. आणि तरीही त्यांनी केलेले काम योग्य होते. कारण त्यांनी 'आमची मुलगी यामुळे गेली हे मान्य करा' एवढीच मागणी धरून ठेवली नाही. त्यांनी विचारले : तुमचा नळ कुठे संपतो? दुःखाचे शोकगीत होणे स्वाभाविक असते. त्याची प्रश्नावली होणे विरळा. मराठी वाङ्मयात अपत्यशोकाची कविता विपुल आहे आणि ती आम्ही आदराने शिकवतो. पण शोकाने नगरपालिकांना पत्रे लिहावीत, उत्तरे गोळा करावीत आणि त्यांची अनुक्रमणी लावावी, हा प्रकार आमच्या वाङ्मयप्रकारांच्या कोष्टकात कुठे बसत नाही.

त्यातून तयार झाली ती 'गोल्डन लिस्ट'. साठीच्या दशकारंभी निघालेली ही पुस्तिका म्हणजे किनाऱ्यांची यादी : कोणत्या गावाजवळ मैला कुठे सोडला जातो, किती अंतरावर, त्यावर प्रक्रिया होते की नाही, आणि कोणते किनारे स्वच्छ म्हणून सुचवावेत. प्रयोगशाळा संस्थेपाशी नव्हती. एकेका किनाऱ्याचे पाणी तपासणे तिला परवडणारेही नव्हते. तिने वापरले ते अनुमान : नळ जवळ असेल आणि मैला कच्चा असेल, तर पाणी संशयास्पद. हे तर्कशास्त्र ओबडधोबड खरे, पण जुगुप्सेच्या कसोटीपेक्षा ते कितीतरी प्रामाणिक होते. ते वाऱ्यावर किंवा पाहणाऱ्याच्या नाकावर अवलंबून नव्हते. कोणीही ते पडताळून पाहू शकत असे.

यादी या प्रकाराकडे आपण वाङ्मय म्हणून पाहत नाही. यादीत वर्णन नसते, विशेषण नसते, क्रियापदही बहुधा नसते. पण या यादीतील सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे तिच्यात नसलेली नावे. ज्या गावाचे अर्थकारण सुटीच्या आठ आठवड्यांवर चालते, त्या गावाचे नाव गाळले जाणे हा आरोप होता आणि तो करताना एकही कठोर शब्द वापरावा लागला नव्हता. सरकारने अशी यादी केली नव्हती. १९७० मध्ये लीना जेगर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने मैलापाण्याच्या विल्हेवाटीवर जो अहवाल दिला, त्याचे नावच मुळी 'टेकन फॉर ग्रँटेड' असे होते; नाव मार्मिक, परंतु किनाऱ्यांबाबत १९५९ चा निष्कर्ष काही ढळला नाही. दरम्यान वेकफील्डांची पुस्तिका पुन्हा पुन्हा निघत राहिली. ऐंशीच्या दशकात हे काम 'मरीन कन्झर्वेशन सोसायटी'कडे सुपूर्द झाले आणि त्यातूनच पुढे 'गुड बीच गाइड' आले. एका घरातून चाललेले काम सुमारे पाव शतक टिकले.

युरोपीय आर्थिक समुदायाने डिसेंबर १९७५ मध्ये स्नानाच्या पाण्याविषयीचा निर्देश काढला तेव्हा यादीच्या जोडीला संख्या आली. शंभर मिलिलिटर पाण्यात एकूण कोलिफॉर्म जीवाणू दहा हजारांहून आणि मैल्यातील कोलिफॉर्म दोन हजारांहून अधिक नसावेत, आणि शंभरातील पंचाण्णव नमुन्यांत ही मर्यादा पाळली जावी. आता जुगुप्सेला जागा उरली नाही असे वाटेल. पण शासनाने वाद संख्येवर घातलाच नाही; त्याने तो व्याख्येवर घातला. निर्देश 'स्नानाच्या जागां'ना लागू होता. मग स्नानाची जागा म्हणजे काय? ब्रिटिश शासनाने पाण्यात उतरलेली डोकी मोजण्याचा मार्ग काढला. एका वेळी पाचशेहून कमी माणसे पाण्यात असतील तर ती स्नानाची जागा नव्हे. थंड हवेच्या देशात हा निकष काय करील हे सांगायला नको. १९७९ मध्ये साऱ्या ब्रिटनने स्नानाच्या जागा म्हणून जाहीर केल्या त्या फक्त २७. ज्याला समुद्रच नाही अशा लक्झेंबर्गनेही याहून अधिक जागा जाहीर केल्या होत्या. आणि ब्लॅकपूल, जिथे दरवर्षी लक्षावधी लोक सुटीला जात, ते या २७ मध्ये नव्हते! शब्दार्थाच्या चर्चेला 'निव्वळ शाब्दिक' म्हणून हिणवणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हे उदाहरण आवर्जून सांगतो. १९८७ मध्ये जागांची संख्या चारशेच्या आसपास न्यावी लागली, आणि १४ जुलै १९९३ रोजी युरोपीय न्यायालयाने ब्लॅकपूल, फॉर्म्बी व साउथपोर्ट येथील पाण्याबाबत ब्रिटनने निर्देशाचे पालन केले नाही असा निकाल दिला. 'गोल्डन लिस्ट' निघाल्याला तेव्हा तीस वर्षे उलटून गेली होती.

तोवर आणखी एक पिढी पाण्यात उतरली होती. जलप्राधिकरणांचा आवडता उपाय म्हणजे नळ लांब समुद्रात नेणे. दृष्टीआड सृष्टी या आपल्या म्हणीचे याहून चांगले अभियांत्रिकी भाषांतर सापडणार नाही. पण लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे सर्फर नेमके या दृष्टीआडच्या सृष्टीत जातात. ते तासन् तास पाण्यात असतात, डोके वारंवार बुडते, पाणी नाकातोंडात जाते, आणि चांगल्या लाटा हिवाळ्यात येत असल्याने ऋतूचे बंधनही त्यांना नसते. १९९० मध्ये कॉर्नवॉलमधील सेंट ॲग्नेस परिसरातील सर्फरांनी 'सर्फर्स अगेन्स्ट स्यूएज' ही संस्था काढली. त्यांनी आपल्या सदस्यांच्या आजारांच्या नोंदी ठेवल्या, संसदेपुढे साक्षी दिल्या, आणि रस्त्यावर आले ते रबरी पोशाखात, तोंडावर विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे चढवून, सोबत हवा भरून फुगवलेला विष्ठेचा प्रचंड आकार घेऊन! इतिहासाचे हे वळण आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. १९५९ च्या अहवालाने जुगुप्सेला कसोटी केले होते. नळ लांब नेऊन ती जुगुप्सा नाहीशी करण्यात आली. आणि आता हे तरुण तीच जुगुप्सा हास्याची जोड देऊन वेस्टमिन्स्टरच्या दारात परत आणून ठेवत होते. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली. पण निव्वळ सोंगावर हे काम चालले नाही. मैलापाणी अतिनील किरणांनी निर्जंतुक करणारा प्रकल्प जर्सी बेटावर नव्वदीच्या दशकारंभी सुरू झाला होता. उपाय अस्तित्वात आहे, तो महाग आहे एवढेच, हे दाखवण्यासाठी ते त्याचा दाखला देत राहिले.

तरीही मूळ प्रश्न उरलाच होता : या पाण्याने माणूस आजारी पडतो का? त्याचे उत्तर ज्या प्रयोगाने दिले तोही स्वयंसेवकांचाच. स्वयंसेवक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संमेलनाच्या मंडपात बिल्ला लावून चहा देणारा विद्यार्थी येतो. इथले स्वयंसेवक निराळे होते. १९८९ ते १९९२ या चार उन्हाळ्यांत ब्रिटनच्या चार किनाऱ्यांवर १,२१६ निरोगी प्रौढांना एकत्र करण्यात आले आणि निव्वळ योगायोगाने, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाने पाण्यात जायचे, किमान दहा मिनिटे राहायचे, डोके तीनदा बुडवायचे. दुसऱ्याने किनाऱ्यावरच थांबायचे. पोहणारा जिथे होता तिथल्या पाण्याचे नमुने त्याच वेळी घेतले गेले. नंतर कोणाचे पोट बिघडले, त्याने काय खाल्ले होते, याच्या नोंदी झाल्या. डेव्हिड के आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडला : छातीइतक्या खोलीवरच्या शंभर मिलिलिटर पाण्यात मैल्यातील स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंची संख्या ३२ च्या वर गेली की पोटाचे आजार वाढू लागतात. ज्या किनाऱ्यांवर हा प्रयोग झाला ते तत्कालीन युरोपीय मर्यादेत बसणारे होते. किळस येईल असे तिथे काही नव्हते. १९५९ च्या वाक्याचा आधार इथे संपला. जागतिक आरोग्य संघटनेची २००३ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि युरोपचा २००६ चा नवा निर्देश यांच्यामागे हे काम आहे.

स्ट्रेप्टोकॉकसच का, हे थोडे समजून घेण्याजोगे आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे तसे या सूचक जीवाणूंवरून मैल्याचे अनुमान केले जाते. ते स्वतः रोगकारक असतातच असे नाही. पण कोलिफॉर्म हा धूर खाऱ्या पाण्यात आणि सूर्यप्रकाशात लवकर विरतो, विषाणूंचा अग्नी मात्र अधिक काळ टिकतो. म्हणजे धूर नाही पण आग आहे, असा नैयायिकाला अडचणीत टाकणारा प्रकार. स्ट्रेप्टोकॉकस अधिक चिवट, म्हणून सूचक या नात्याने अधिक विश्वासार्ह.

संख्या मिळाली म्हणून स्वयंसेवकाचे काम संपले असे मात्र झाले नाही. पाणी गाळायचे, गाळणीचा कागद पोषक द्रव्यावर ठेवून उबवायचा, उगवलेल्या वसाहती मोजायच्या, या साऱ्याला एक ते दोन दिवस लागतात. निकाल हाती येतो तेव्हा ते पाणी भरती-ओहोटीबरोबर निघून गेलेले असते आणि पोहणाराही घरी गेलेला असतो. शिवाय जुन्या इंग्रजी गावांत पावसाचे पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहतो. जोराचा पाऊस झाला की ती गटारे तुंबू नयेत म्हणून सांडव्यातून सगळे प्रक्रियेविनाच नदीत वा समुद्रात सोडले जाते. ही सोय अपवादासाठी होती. इंग्लंडमधील सर्व सांडव्यांवर नोंदयंत्रे बसवण्याचे काम २०२३ च्या अखेरीस पूर्ण झाले, आणि त्या एका वर्षाची बेरीज सुमारे ३६ लाख तास भरली. दक्षिण किनाऱ्यावरच्या 'सदर्न वॉटर' या कंपनीला २०१० ते २०१५ या काळात कच्चा मैला बेकायदा सोडल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये नऊ कोटी पौंडांचा दंड झाला. त्याच वर्षी केंट परगण्यातील व्हिटस्टेबल या कालवांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातील रहिवाशांनी आपली संघटना उभी केली. आता सर्फरांची संस्था या यंत्रांच्या नोंदी लोकांच्या मोबाइलवर पोहोचवते : अमुक किनारी सांडवा सुटला आहे, पाण्यात उतरू नका. 'गोल्डन लिस्ट' वर्षाकाठी निघे. ही यादी दिवसातून कितीदाही बदलते.

इंग्लंडमध्ये शासकीय नमुने घेतले जातात ते १५ मे ते ३० सप्टेंबर या काळात, आणि तेही जाहीर झालेल्या जागांवरच. ऑक्टोबरपासून पुढे, किंवा ज्या खाडीचे नाव यादीत नाही तिथे, पाण्याविषयी काहीच लिहिले जात नाही. म्हणून या संस्थेचे स्वयंसेवक आता स्वतःच्या बाटल्या घेऊन अशा जागी जातात, गुडघाभर पाण्यात उभे राहून नमुना भरतात, बाटलीवर वेळ, भरतीची स्थिती आणि गेल्या दोन दिवसांतला पाऊस लिहितात, आणि ती प्रयोगशाळेकडे रवाना करतात.